साडेआठची मुळं

चोपड्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा मी उघडतो.
बावीस वर्षं. कुलूप तेच, किल्ली दोनदा बदलली.
तीन दिवस आधीच कांदे ग्लासांवर बसवून ठेवतो,
पाण्यात पांढरी मुळं सोडून,
ओट्यावर बसून पाय हलवणाऱ्या पोरांसारखे.

मूळ कापायचं ते सकाळी साडेआठला.
दुपारी कापलं तर पेशी नुसत्या निजलेल्या सापडतात
आणि बोलणी मला खावी लागतात.
आम्लात दोन मिनिटं, स्पिरिटच्या दिव्यावर कोमट,
लाल रंगाचा थेंब, वर पातळ काच,
टिपकागद, आणि अंगठा.
अंगठा सरकला की सगळं गेलं.

मुलं वाकतात. दिसलं? दिसलं.
दिसतात ती गुणसूत्रं, ओल्या शेवयांसारखी,
मधल्या रेषेवर उभी.
ज्यांनी त्यांना तिथे आणून उभं केलं
ते तंतू या रंगाला दाद देत नाहीत.
वरच्या पाड्यावरची रुमली पावरा विचारते,
"दादा, मग वढतं कोण?"

नेहेते सर सांगतात. मी मागे नळ्या धूत ऐकतो,
दर वर्षी, तेच, आणि दर वर्षी थोडं जास्त:
दोन टोकांहून तंतू निघतात, चाचपडत,
वीज गेल्यावर कडी शोधावी तसे.
हाताला लागलं तर धरतात,
नाही तर विरतात, पुन्हा निघतात.
प्रत्येक जोडीला दोन्हीकडून पकड हवी.
एक जरी सुटी राहिली
तरी अख्खी पेशी थांबते.

आणि ओढायची रीत उलटी.
विहिरीचा दोर ओढला की पायाशी वेटोळं साठतं.
इथे वेटोळं नाही.
दोर धरल्या टोकाशीच झिजत जातो,
झिजतो तसं ओझं जवळ येतं.
ओझं पोचतं तेव्हा
दोर बघायला उरत नाही.

मथुरेच्या मानेत गाठ निघाली ती पौषात.
जळगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी मी सरांना दाखवली.
त्यांनी चष्मा काढला. "हे सदाफुलीतून निघतं."
सदाफुली. आमच्या न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेली,
बकरीही जिला तोंड लावत नाही.
"करतं काय हे?"
सर टेबलावरचा डाग पुसत राहिले.
"तंतू बांधू देत नाही.
पेशी मधेच थांबते. थांबून थांबून मरते."
मी मान हलवली.
आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरचं औषध
मला पूर्ण कळलं होतं.

दर मंगळवारी सुई. गाठ उतरली,
सुपारीएवढी, मग वाटाण्याएवढी, मग बोटाला लागेना.
पण तेच तंतू नसांमध्येही असतात,
रस्त्यांसारखे अंथरलेले, मेंदूपासून बोटांपर्यंत,
आणि सदाफुलीला गाठ कुठली, बोट कुठलं, समजत नाही.
चैत्रात बिबड्यांना बसली.
ओल्या फडक्यावर ज्वारीचा गोळा, हात पाण्यात,
आणि एकदम थांबली.
"बोटं मना वाटतस नही."

तरी थापल्या. डोळ्यांनी बघून बघून,
कुणाचे तरी हात उसने आणल्यासारख्या.
एका कडेला जाड झाल्या त्या.
जाड कड वाळायला दोन दिवस जास्त लागले.

काल रुमलीने मला हाक मारली, सरांना नाही.
"दादा, ही एक अजून आली नाही."
मी डोळा लावला.
सगळी रेषेवर उभी,
आणि एक, लांब कोपऱ्यात, एकटीच.
आम्लानं सगळंच जिथल्या तिथे थांबवलेलं.
ही काच फेकायची नाही, मी म्हटलं.
कडेला वार्निश लावलं, चिठ्ठी चिकटवली,
तारीख टाकली.
चिठ्ठीवर दुसरं काय लिहावं
ते काही सुचलं नाही.